बारक्याचं वजन मागे आहे म्हणजे मोठं बाळ त्याचं खातंय का?

पत्र असं आहे :

"काकू नमस्कार. मी देवगड तालुक्यात सासरी असते, नवरा मुंबईला कामाला. पहिलंच गरोदरपण आणि जुळी आहेत. २६ आठवड्यांना कणकवलीला सोनोग्राफी केली, त्यात एका बाळाचं वजन ९१० ग्रॅम आणि दुसऱ्याचं ७२० ग्रॅम आलं. डॉक्टर म्हणाले बारक्याची ग्रोथ मागे आहे, डॉप्लर सध्या ठीक आहे, दोन आठवड्यांनी परत या. सासूबाई म्हणतात 'मोठा पोर बारक्याचा खाता हा, तू डबल खा आणि आडवी रव'. दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी केली तर बाळांना रेडिएशन नाही का लागणार? खर्च आणि पावसातला रस्ता वेगळाच. आई म्हणते सातवा लागला की गणपतीआधी गुहागरला माहेरी ये. आणि मी लहानपणी जोडकेळी खायचे त्यावरूनही घरात बोलणी बसतायत. नक्की काय करू?"

बाय, हे वाचून झालं की उठ आणि फाईल काढ, आणि त्यातला सगळ्यात जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट शोध, तिसऱ्या महिन्यातला, साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या मधला. तुझ्या पत्रात दोन्ही बाळांची वजनं आहेत, रस्ता आहे, सासूबाई आहेत, गणपती आहेत, पण मला सगळ्यात आधी जे हवं होतं तेच नाहीये, की वार, म्हणजे आईकडून बाळाला रसद पोचवणारा गर्भाशयातला भाग, एक आहे का दोन? जुळ्यांच्या बाबतीत पुढचं सगळं, सोनोग्राफी किती दिवसांनी, काळजी किती करायची, डिलिव्हरी कधी, हे त्या एका गोष्टीवर ठरतं, आणि दहा जणी विचारायला येतात त्यातल्या बऱ्याच जणींना ते सांगितलेलंच नसतं किंवा सांगितलं तरी कोणी नीट समजावलेलं नसतं.

रिपोर्टात 'डायकोरिऑनिक' किंवा 'डीसीडीए' लिहिलं असेल तर दोघांची वार वेगळी, पाण्याची पिशवीही वेगळी. 'मोनोकोरिऑनिक' किंवा 'एमसीडीए' असेल तर पिशव्या बहुतेक वेळा दोन पण वार एकच, दोघांत वाटलेली. सुरुवातीच्या सोनोग्राफीत दोघांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर त्याला लॅम्डा साइन म्हणतात, म्हणजे दोन वारा, आणि पातळ पडदा सरळ काटकोनात टेकलेला दिसला तर टी साइन, म्हणजे एक वार. हे तिसऱ्या महिन्यात फार छान दिसतं, नंतर नंतर दोन वारा एकमेकींना चिकटून एकच असल्यासारख्या दिसायला लागतात आणि पडदाही पातळ होतो, म्हणून मी जुना रिपोर्ट म्हणतेय. त्यात लिहिलेलं नसेल तर जिथे ती सोनोग्राफी झाली तिथे फोन कर, त्यांच्या मशीनमध्ये फोटो असू शकतात. आणि कुठूनच कळलं नाही तर डॉक्टर 'एकच वार आहे' असं धरून चालतात, कारण त्यात लक्ष जास्त ठेवलं जातं आणि जास्त लक्ष ठेवल्याने नुकसान काही नाही. (मुलगा-मुलगी वेगळे असतील तर वारा दोन असं कुणी सांगेल, ते खरं आहे पण ते विचारायला जाऊ नकोस, सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्याने.)

आता तुझे आकडे. ९१० मधून ७२० गेले की उरले १९०, त्याला मोठ्याच्या वजनाने भागायचं, म्हणजे १९० भागिले ९१०, साधारण २१ टक्के. जुळ्यांमध्ये थोडा फरक असतोच, दोन भावंडं एका मापाची कधी असतात? पण २० टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर लवकर लवकर बोलवायला लागतात आणि २५ च्या वर गेला की फीटल मेडिसिनवाल्या, म्हणजे पोटातल्या बाळांच्याच खास डॉक्टरांना दाखवा म्हणतात. तू मधे आहेस. शिवाय २६ आठवड्यांना साधारण बाळ ९०० ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तुझं मोठं अगदी जागेवर आहे आणि बारकं शंभरातल्या खालच्या दहांमध्ये आलंय, रिपोर्टात ते 'दहाव्या सेंटाइलच्या खाली' असं लिहिलेलं असेल बघ. म्हणून तुझे डॉक्टर दोन आठवड्यांनी ये म्हणाले. ते उगाच घाबरवतायत किंवा पैशासाठी बोलवतायत असं अजिबात मनात आणू नकोस, मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पण एक लक्षात घे, सोनोग्राफीत बाळाला काट्यावर ठेवत नाहीत. डोक्याचं माप, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी, यावरून मशीन हिशोब करून वजन सांगतं, त्यात दहा टक्के इकडे तिकडे सहज होतं, जुळी एकमेकांच्या आड आली की जास्तच. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर रडायचं नाही आणि नाचायचंही नाही. बघायची असते ती चढण. आठवड्याला एक अशी वजनं मोजून उपयोग नसतो, कारण मापातली चूक वाढीपेक्षा मोठी निघते, म्हणून किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. २८ व्या आठवड्याला जाशील तेव्हा मोठ्याने पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम आणि बारक्याने दोनशेच्या वर कमावलेलं असेल तर बारकं लहान आहे पण आपल्या वाटेने चाललंय. बारक्याचा आकडा जेमतेम हलला असेल तर मग गोष्ट वेगळी. आणि शक्य असेल तर त्याच डॉक्टरांकडे, त्याच मशीनवर कर, माणूस बदलला की मापाचा हातही बदलतो.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. वारा दोन असतील तर मोठं बाळ बारक्याचं काही म्हणजे काहीच घेऊ शकत नाही, दोघांच्या चुली वेगळ्या आहेत, दोघांचं रक्त कुठेच एकमेकांत जात नाही. बारक्याची वार गर्भाशयात नीट रुजली नसेल, किंवा नाळ वारेच्या मधोमध न लागता कडेला लागली असेल, त्यामुळे त्याला रसद कमी पडते. मोठ्याचा त्यात दोष शून्य, तुझाही शून्य.

वार एकच असेल तर मात्र दोन गोष्टी होतात. एक, वारेची वाटणी असमान होते, जमिनीची वाटणी होताना एकाला दहा गुंठे आणि दुसऱ्याला तीन असं व्हावं तसं. आणि दोन, वारेच्या आत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देणं-घेणं बरोबरीत चालतं, पण एका वारेच्या जुळ्यांपैकी साधारण शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत ते एकतर्फी होतं, त्याला टीटीटीएस म्हणतात. देणाऱ्या बाळाच्या भोवतीचं पिशवीतलं पाणी आटतं, घेणाऱ्याचं पाणी खूप वाढतं, आणि सासूबाईंना हे मुद्दाम सांग की त्यात घेणाऱ्याचंही भलं होत नाही, जास्तीच्या रक्ताने त्याच्या हृदयावर ताण येतो, दोघंही धोक्यात असतात. म्हणून एक वार असेल तर १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी दोघांचं पाणी बघावं लागतं, एकाकडे २ सेंटीमीटरच्या खाली आणि दुसऱ्याकडे ८ च्या वर, विसाव्या आठवड्यानंतर काही ठिकाणी १० च्या वर, असं दिसलं की ताबडतोब हालचाल. त्यावर इलाज आहे, दुर्बिणीतून लेझरने त्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद करतात, २००४ मध्ये छापून आलेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात ते नुसतं पाणी काढण्यापेक्षा चांगलं ठरलं. ते मोठ्या शहरातल्या मोजक्या ठिकाणीच होतं आणि वेळेत, साधारण २६ आठवड्यांच्या आत करायचं असतं, म्हणून तर वारेचा प्रश्न तिसऱ्या महिन्यातच सुटायला हवा असं मी जिथे तिथे ओरडत असते. तू २६ पार केलेस आणि पत्रात पाण्याबद्दल वाईट काही लिहिलेलं नाहीस, पण पोट दोन-चार दिवसांत एकदम फुगून दगडासारखं ताणलं, दम लागायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

रेडिएशनचं म्हणशील तर सोनोग्राफीत किरण नसतातच गं, ते एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये. हे आवाजाच्या लाटांवर चालतं, आपल्याकडचे मच्छीमार होडीवर मासळीचा थवा शोधायला जे यंत्र लावतात ना, तत्त्व तेच. डॉक्टरांनी गरजेपुरती केलेली सोनोग्राफी बाळांना बाधत नाही. डॉप्लर म्हणजे त्याच लाटांनी नाळेतल्या रक्ताचा वेग बघायचा. बाळाच्या हृदयाचा ठोका पडतो तेव्हा रक्त वारेकडे जातंच, पण दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही ते पुढे सरकत राहिलं पाहिजे. वार थकायला लागली की मधल्या वेळात प्रवाह कमी होतो, मग थांबतो, आणि फारच झालं तर उलटा फिरतो. तुझ्या बारक्याचा डॉप्लर ठीक आहे म्हणजे त्याची वार लहान असली तरी अजून दमलेली नाही. ही तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे आणि तू ती अर्ध्या वाक्यात उरकलीस.

मग करायचं काय. पोटातल्या बाळाला जाड करणारं इंजेक्शन, सलाइन, पावडर असं काही नसतं, कोणी प्रोटीन पावडरचे महागडे डबे गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. आडवं पडून राहिल्याने बाळ वाढतं याला आधार नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते, जुळ्यांच्या आईला तर आधीच जास्त असते. दुपारी तासभर डाव्या कुशीवर पड, विहिरीचं पाणी ओढू नकोस, बाकी घरात वावर. डबल जेवायचंही नाही, पण नीट जेवायचं. सुरुवातीला वजन बेताचं असलेल्या बाईचं जुळ्यांत नऊ महिन्यांत १७ ते २५ किलो वाढलेलं चालतं, तुझं किती वाढलं ते तू लिहिलं नाहीस, बघून ठेव. सकाळी नुसती पेज पिऊन अकरापर्यंत राहणं बंद कर, पेजेबरोबर अंडं किंवा कुळथाची पिठी घे, दिवसाला दूध-दही, शेवग्याचा पाला, नाचणी, डाळी. मासे खा, तारली, बांगडा, चांगलं शिजवून, फक्त मोरी म्हणजे शार्क टाळ, मोठ्या शिकारी माशात पारा साठलेला असतो. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नकोस, दोघींत काही तासांचं अंतर ठेव आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. हिमोग्लोबिन किती आहे ते विचार, जुळ्यांत ते फार लवकर उतरतं. बीपी दर वेळी मोजून घे आणि शुगरची तपासणी झाली नसेल तर आत्ता २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. जुळ्यांना बीपी वाढू नये म्हणून काही जणींना लहान डोसची अॅस्पिरिन देतात पण ती बाराव्या आठवड्याच्या आसपास सुरू करायची असते, आता कुणाचं ऐकून स्वतःहून घेऊ नकोस, आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंदही करू नकोस.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. घरात मशेरी लावतात का? तू लावतेस का? आपल्याकडे सकाळी दातांना मशेरी लावणं म्हणजे तंबाखू खाणं असं कुणाला वाटतच नाही, पण तो भाजलेला तंबाखूच आहे, हिरड्यांतून रक्तात जातो, वारेच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि बाळाचं वजन कमी करतो. मी विचारलं की बायका आधी नाही म्हणतात आणि निघताना दारातून हळूच हो म्हणतात. लावत असशील तर आजपासून बंद, बारक्यासाठी तुझ्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट असू शकते.

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगतेय तर बरीच वर्षं झाली, माझ्याकडे अशीच एक मुलगी होती, खाडीपलीकडच्या गावातली, जुळी, वारा दोन, बारकं मागे. मी तिला दोन आठवड्यांनी ये एवढंच म्हटलं, का ये ते सांगितलं नाही, बाहेर तीस बायका बसलेल्या होत्या. मधे गणपती आले, तिचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेची गौरीपुढची सूप-पूजा होती, ती आली पाच आठवड्यांनी. बारक्याचे ठोके नव्हते. मोठं पुढे सुखरूप जन्मलं, आता कॉलेजला असेल. चूक तिची नव्हती, माझी होती, तिला कारण माहीत असतं तर ती गौरीच्या दिवशीसुद्धा होडीत बसली असती. वारा दोन होत्या म्हणून एक तरी वाचलं. एकच वार असती तर एकाचे ठोके थांबताना दुसऱ्याचं रक्त त्याच्याकडे ओढलं जाऊन दुसऱ्याच्याही जिवाला किंवा मेंदूला इजा होऊ शकते.

आता माहेरचं. सातव्यात माहेरी जायची रीत आहे आणि पहिल्या खेपेला आईपाशी असावंसं वाटणारच, मी नको म्हणणार नाही. पण गुहागर की देवगड हे नात्यावर ठरवू नकोस, हॉस्पिटलवर ठरव. दोन्हीकडून विचार कर की रात्री दोन वाजता, धो धो पावसात, कळा सुरू झाल्या तर दीड किलोच्या आतली दोन बाळं सांभाळू शकेल असा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, किती तासांवर आहे आणि तिथे एका वेळी दोन जागा मिळतील का. गुहागरकडून चिपळूण, डेरवण किंवा रत्नागिरी, तुझ्याकडून कणकवली, ओरोस, आणि मोठं काही लागलं तर गोव्याला बांबोळी नाहीतर घाट चढून कोल्हापूर. या ठिकाणी आत्ता फोन करून विचार, २८ आठवड्यांची जुळी घेता का, व्हेंटिलेटर आहे का, आजच्या आज. घाटात दरड कोसळली की कोल्हापूरचा रस्ता बंद होतो हे तुला मी सांगायला नको. जायचंच ठरलं तर २८ व्या आठवड्याची सोनोग्राफी कणकवलीला त्याच डॉक्टरांकडे कर, सगळं ठीक निघालं तर त्यांना विचारून लगेच निघ, चाकरमान्यांच्या गाड्यांनी हायवे भरायच्या आधी, आणि गुहागरला पोचल्याच्या आठवड्यातच तिकडच्या डॉक्टरांकडे फाईल दाखवून ३० व्या आठवड्याची तारीख पक्की कर. ती तारीख बरोबर गणपतीच्या दिवसांत येतेय असं तुझ्या हिशोबावरून दिसतं, ती चुकवायची नाही.

लवकर डिलिव्हरी होईल असं वाटलं तर ३४ आठवड्यांच्या आत आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, बाळांची फुप्फुसं तयार व्हायला. आपल्या सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोन असतं, ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२-१२ तासांनी. मोठ्या हॉस्पिटलला पाठवायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिला डोस देता येतो, तेव्हा १०८ मध्ये चढताना विचार की पहिला डोस दिलात का, आणि दिल्याची वेळ कागदावर लिहून घे. सगळं सुरळीत राहिलं तर दोन वारांच्या जुळ्यांना साधारण ३७ आठवडे पूर्ण झाले की आणि एका वारेच्यांना ३६ च्या सुमाराला जन्माला घालतात, त्यापुढे थांबण्यात फायदा नसतो. बारक्याचा डॉप्लर बिघडला तर अलीकडे यावं लागतं, आणि तिथे डॉक्टरांपुढे कठीण प्रश्न असतो, बारक्याला बाहेर काढावं तर धडधाकट मोठंही कच्चं जन्मतं, थांबावं तर बारक्याचं काय. त्या वेळी तुला आणि तुझ्या नवऱ्याला दोघांना समोर बसवून बोलतील, म्हणून तो फक्त फोनवर असून चालणार नाही, २८ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीला त्याला रजा काढून यायला सांग, गणपतीची रजा एक दिवस कमी झाली तरी चालेल.

कळा नियमित यायला लागल्या, पाणी गेलं, अंगावर लाल गेलं, कुठल्याही एका बाजूची हालचाल मंदावली असं वाटलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे आले, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, किंवा तळहात-तळपाय रात्री खाजायला लागले, तर वेळ बघू नकोस. खाजेला बायका उष्णता म्हणतात आणि सब्जा पितात, पण जुळ्यांत पित्त रक्तात साचून तशी खाज सुटू शकते आणि त्याची रक्ततपासणी करावी लागते.

खर्चाचं खरं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे तुझं नाव जोखमीच्या मातांमध्ये लिहून घ्यायला आशाताईंना सांग, म्हणजे त्याही मागे लागतील. सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासण्या, औषधं, डिलिव्हरी आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत असते, ते हक्काने माग, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जोडकेळ्यांचं काय सांगू. केळी जोडलेली असतात ती केळीच्या झाडामुळे. एका वारेची जुळी एकाच बीजाचे दोन भाग झाल्याने होतात, ते कुणाच्या हातात नसतं. दोन वारांची जुळी बहुतेक वेळा एका महिन्यात दोन बीजं सुटल्याने होतात, आणि ते कधी कधी आईच्या घराण्यात चालत आलेलं असतं, तुझ्या आजीला विचारून बघ. सासूबाईंवर रागावू नकोस, त्यांना बारक्याची काळजी आहे म्हणूनच त्या बोलतायत, पुढच्या वेळी त्यांनाही सोनोग्राफीला घेऊन जा आणि डॉक्टरांना सांग की बारक्याच्या नाळेतला आवाज त्यांना ऐकवा.

फाईलच्या मागच्या पानावर पेनाने मोठ्या अक्षरात लिही : वारा किती, दर तारखेला दोघांची वजनं, दोघांचं पाणी, दोघांचा डॉप्लर, तुझं बीपी, तुझं हिमोग्लोबिन, तुझा रक्तगट. खाली नवऱ्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर. रात्री-अपरात्री कुठल्याही अनोळखी डॉक्टरपुढे ते पान धरलंस तरी त्याला एका मिनिटात सगळं कळेल. आणि तो जुना रिपोर्ट सापडला की वारेबद्दल त्यात काय लिहिलंय ते मला आधी कळव, मी वाट बघतेय.